फुलंवाली वहिनी

माझी वहिनी लग्न होऊन घरी आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांच्या दोन बॅगा होत्या आणि एक भलीमोठी पत्र्याची पेटी. आईला वाटलं, भांडी असतील. उघडून पाहते तर आत मोजपात्रं, पिचकाऱ्या, भिंग, रबरी हातमोजे आणि रद्दीच्या कागदांत दाबून ठेवलेली कसली कसली पानं. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "सून आणली की कंपाउंडर?"

वहिनी खाली रस्त्याकाठच्या शेती केंद्रात नोकरीला होती. आमचा सगळा उतार भाजीवर जगतो. डोंगराला पायऱ्या पाडल्यासारखी शेतं, प्रत्येक घराच्या वाट्याला असे तीन-चार टप्पे, आणि वर-खाली करून करून गुडघ्यांची वाट लागलेली माणसं. मी पिकअप चालवते. सगळ्यांचा माल गोळा करायचा आणि बाजारात पोचवायचा. माझा स्वभाव तिखट आहे, हे मी सांगायची गरज नाही, रस्त्यावरचा कुठलाही ट्रकवाला सांगेल. त्यामुळे ही केंद्रातली शिकलेली मुलगी आता आम्हाला नाकाने कांदे सोलून दाखवणार, असं मी आधीच ठरवून टाकलं होतं.

पहिल्याच आठवड्यात तिने भाजीत मीठ दोनदा घातलं. पहिला घास घेतल्याबरोबर म्हणाली, "मीठ दोनदा पडलं. चुकलं माझं." आम्ही सगळे घास हातात धरून तिच्याकडे बघत बसलो. हे वाक्य आमच्या घरात त्याआधी कुणी उच्चारलेलं नव्हतं. आमच्याकडे दूध उतू गेलं तर चूक दुधाची, पातेलं करपलं तर गॅसची, आणि मी गाडी कठड्याला घासली तर कठडा तिथे बांधणाऱ्याची. आई तर जन्मात चुकली नाही. असं काही कुणी सरळ कबूल केलं की पुढे बोलायला शब्दच उरत नाहीत. भाजी आम्ही पाणी घालून संपवली.

माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, हे एक वेगळंच प्रकरण. मी त्याला दादा म्हणते, सगळा उतार 'निवांत' म्हणतो. घराला आग लागली तर आधी हातातला चहा संपवेल, मग बादली शोधेल, असा माणूस. मनाने लोणी, पण काम सांगितलं की त्याचा हमखास डोळा लागायचा. वहिनीने असल्या माणसाशी कसा काय संसार मांडला, हे कोडं मला फार दिवस पडलं होतं.

केंद्रात ज्याला संजीवक म्हणतात त्याचं वहिनीला वेड. ते खत नाही, कीटकनाशक नाही. झाडाने कधी वाढायचं, कधी थांबायचं, फूल धरायचं की सोडायचं, हे झाडाच्या अंगातले रस ठरवतात, आणि संजीवक म्हणजे तसाच रस बाहेरून थेंबाथेंबाने द्यायचा. जरा कमी पडला तर काही होत नाही, जरा जास्त झाला तर पानं पिळून निघतात. आमच्याकडे रात्री गार असल्या की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळायची. वहिनी बारीक ब्रश घेऊन एकेका फुलाला औषध लावत हिंडली. लावलेल्या फुलाला पुन्हा लागू नये म्हणून औषधात लाल रंग कालवायची. आई म्हणाली, "फुलांना लिपस्टिक लावतेय बाई." पण त्या वर्षी आमच्या टोमॅटोचे क्रेट आधी भरले, आणि मग उतारावरचा जो तो वहिनीच्या दारात. 'केंद्रातली बाई' होती ती 'फुलंवाली वहिनी' झाली.

पुढच्या वर्षी तिने भोपळा हातात घेतला.

आमच्याकडे भोपळा हे मोठं पीक, आणि त्याचं दुखणंही जुनं. भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुलं येतात. नरफूल लांब देठावर नुसतं मिरवतं. मादीफुलाखाली लिंबाएवढा भोपळा आधीपासून असतो, नरफुलातला पिवळा पराग मिळाला तर तो वाढतो, नाही तर गळतो. आता वेल काय करतो, की आधी नुसती नरफुलंच काढत बसतो. खाली मैदानात ही चैन चालते. आमच्याकडे ऊब थोडे दिवस. मादीफुलं येईपर्यंत अर्धा हंगाम सरतो, भोपळ्याची साल कडक व्हायच्या आत थंडी येते आणि कोवळा माल वाटेतच सडतो. केंद्राकडे एक औषध होतं. रोपाला दोन पानं आली की एकदा मारायचं, चार आली की पुन्हा एकदा. मग वेल मादीफुलं लवकर काढतो. केंद्राच्या शेतात वहिनीने हे करून पाहिलं होतं आणि भोपळे बघण्यासारखे आले होते.

ती सगळ्यांना घेऊन शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या शेडमध्ये बसली. क्रेट रचायची ती शेड हीच आमची सभेची जागा. ती म्हणाली, "एका घराचं शेत न फवारता ठेवू. म्हणजे फरक कळेल."

"कुणाचं ठेवायचं?" चेअरमननी विचारलं. चेअरमन म्हणजे सोसायटीचे प्रमुख, मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा.

झालं. जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. आमचंच का, आम्ही काय घोडं मारलंय, आम्हाला सोसायटीतून बाहेर काढायचंय का, असा गलका उठला. आमच्या उतारावर असंच आहे. पाइपाचं पाणी आलं तर सगळ्यांना, नाही तर कुणालाच नाही. एकाला वगळणं म्हणजे त्याच्या तोंडात मारल्यासारखं. वहिनीने आईकडे आशेने पाहिलं.

"आपलं तर मुळीच नाही," आई म्हणाली. "सून गावभर औषध वाटणार आणि सासूचं शेत कोरडं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

वहिनीने हात टेकले. म्हणाली, "बरं. सगळ्यांनाच."

आमचे खालचे टप्पे मी आणि वहिनीने फवारले. सगळ्यात वरचा टप्पा घरापासून लांब, चढ छातीवर येणारा. तिथे दादा पंप पाठीला अडकवून गेला आणि संध्याकाळी मळक्या पायांनी परत आला. वहिनीने विचारलं, "झालं?" दादा म्हणाला, "झालं की." दुसऱ्या फवारणीलाही तसंच.

आणि मादीफुलं आली! आजवर कधी पाहिली नव्हती इतकी, इतक्या लवकर. चेअरमन मिशीला पीळ भरत सांगत सुटले, "यंदा सगळ्यांना मुलीच मुली!" मी बाजारातल्या अडत्याला सांगून ठेवलं की जागा मोकळी ठेव. आईने वहिनीच्या पानात न विचारता तूप वाढलं, आणि आई न विचारता तूप वाढते म्हणजे काय, ते आमच्या घरातल्यांनाच कळेल.

मग फुलं मिटली, आणि खालचे ते लिंबाएवढे भोपळे पिवळे पडून गळायला लागले. आधी एक-दोन. मग रोज. पाऊल टाकू तिथे पायाखाली यायचे. बाया ओच्यात भरभरून आमच्या दारात आणून ओतायच्या, एक शब्द न बोलता. त्या भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वहिनीने एकेक फळ कापून पाहिलं. कीड नाही, रोग नाही. पाणी बघून झालं, माती बघून झाली. मग एका सकाळी मी गाडी काढत होते, तर ती वेलांमध्ये वाकून वाकून काहीतरी शोधताना दिसली. आमच्या शेतातून शेजारच्या, तिथून पलीकडच्या. परत आली ती रस्त्याच्या कडेला मटकन बसलीच.

"वन्सं," ती म्हणाली, "नरफूलच नाहीये. एकही."

मला आधी कळलंच नाही. तिने सांगितलं. औषधाने मादीफुलं पुढे आणली, ती आणताना नरफुलं मागे ढकलली. परागच नाही तर फळ धरेल कसं? केंद्राच्या शेतात धरलं, कारण तिथे फरक कळावा म्हणून शेजारीच न फवारलेल्या ओळी ठेवल्या होत्या. मधमाश्या तिथला पराग इकडे आणत होत्या. त्या ओळी फक्त तुलनेला आहेत असंच सगळे समजत होते. आणि आमच्या उतारावर, कुणाला वगळायचं नाही म्हणून, आम्ही एक वेल सोडला नव्हता.

"मग आता?"

"नरफुलं येतील. पण आपली आपण यायला वेळ लागेल. तोवर ही सगळी मादीफुलं जातील, आणि त्यानंतर धरलेली फळं थंडीत सापडतील." तिने वरपर्यंतच्या टप्प्यांकडे हात केला. "सगळ्या उताराचं पीक गेलं, वन्सं. माझ्या शब्दावर."

तिने केंद्रातल्या साहेबांना फोन लावला. मी शेजारीच होते, साहेबांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. माणूस वाईट नव्हता, तिला वाचवायलाच बघत होता. म्हणाला, "हवेमुळे फुलगळ झाली म्हणून सांगा. नाहीतरी यंदा मधमाश्या कमीच आहेत. तुमच्यावर येणार नाही." वहिनी म्हणाली, "बघते सर," आणि फोन ठेवला.

मी तिला म्हटलं, "साहेब बरोबर बोलतोय. हवा काय, कुणी पकडून आणणारे का तिला जाब विचारायला?" मी अगदी मनापासून म्हटलं. आमच्या घरची रीतच ती.

वहिनी उठून साडी झटकत म्हणाली, "हवेमुळे सांगितलं, तर पुढच्या वर्षी हे लोक पुन्हा असंच फवारतील."

त्या दुपारी शेड गच्च भरली. वहिनी क्रेटच्या थप्पीपुढे उभी राहिली. हातातला रुमाल पिळून पिळून तिने त्याची दोरी केली होती, पण आवाज सरळ होता. नरफुलांचं सगळं तिने मला सांगितलं तसंच सांगितलं, आणि म्हणाली, "एक शेत तसंच ठेवायला हवं होतं. तुम्ही नको म्हणालात, पण तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं मला. चुकलं माझं."

चेअरमनचा आवाज फुटला. "चुकलं म्हणून झालं? वर्षाचं पीक आहे ते! मीठ जास्त पडलं नाहीये भाजीत!" मागून आणखी आवाज उठले. केंद्राचं माणूस पुन्हा उतारावर पाय ठेवणार नाही इथपर्यंत मजल गेली. आई माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. मला वाटत होतं, उठावं आणि एकेकाची हजेरी घ्यावी. पण बोलणार काय? वहिनीने तर मला भांडायला जागाच ठेवली नव्हती.

वहिनी म्हणाली, "कुठे नरफुलं मिळाली तर हाताने पराग लावता येईल. आसपास कुठेही, न फवारलेला भोपळा असेल तर सांगा."

पलीकडच्या डोंगरावर बटाटा आणि कोबी, भोपळा नाहीच. आणि इथे तर सगळ्यांनी फवारलेलं.

तेवढ्यात मागच्या बाजूला कुणीतरी घसा खाकरला. वळून बघते तर दादा. भिंतीला टेकून बसला होता तो उठला होता. कान लाल झाले होते.

"आमचा वरचा टप्पा," तो म्हणाला. "मी मारलं नव्हतं."

वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की मला बघवेना. दोनदा तिने विचारलं होतं, दोनदा तो 'झालं की' म्हणाला होता.

चेअरमन ताडकन उभे राहिले. "अस्सं! म्हणजे सगळ्यांचं शेत औषधात बुडवलं आणि घरचं तेवढं राखून ठेवलं! ठरवूनच केलंय की हे!" शेडमध्ये पुन्हा गलका. नुसती चूक केलेली बाई आता लबाड ठरणार होती, तीही स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडून.

दादा म्हणाला, "राखून नाही ठेवलं हो. झोपलो."

"काय?"

"चढून दम लागला. पंपाचं तोंडही जरा चोंदलं होतं. म्हटलं थोडं टेकू. जाग आली तर संध्याकाळ. औषध दगडांत ओतलं आणि घरी आलो. दुसऱ्या खेपेला…" त्याने मान खाली घातली. "दुसऱ्या खेपेला तर घरूनच ठरवून गेलो होतो. हिला काही माहीत नाही. मी खोटं बोललो हिच्याशी."

कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. आणि बघता बघता सगळी शेड पोट धरून हसायला लागली. दुसऱ्या कुणी ही गोष्ट सांगितली असती तर लोकांनी त्याच्याकडे साक्षीदार मागितला असता. पण निवांत झोपला, यावर उतारावरच्या कुत्र्यानेसुद्धा शंका घेतली नसती. आयुष्यभर कमावलेली अब्रू अशी कामाला आली. चेअरमनही शेवटी मिशीतल्या मिशीत हसले आणि खाली बसले.

वहिनी तेवढी हसली नाही. तिने फक्त विचारलं, "फुलं आहेत का वर?"

"कुणाला ठाऊक," दादा म्हणाला. "मी परत गेलोच नाही तिकडे."

आम्ही सगळे धापा टाकत वर गेलो. टप्पा नुसता पिवळा झाला होता. नरफुलंच नरफुलं, ताठ देठांवर उभी. वहिनी बांधावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. त्यामुळे त्यानंतर रोज अंधार सरायच्या आत दादा तो चढ चढायचा. हो, आमचा दादा. नरफुलं देठासकट खुडून क्रेटमध्ये ओल्या फडक्याखाली ठेवायची आणि खाली आणायची. मी गाडी चालू ठेवून थांबलेली असायचे. मग घरोघर हॉर्न. बाया दारातच तयार असायच्या, आपल्या वाट्याची फुलं ओंजळीत घेऊन पळायच्या. पाकळ्या सोलायच्या, आतला परागाचा दांडा मादीफुलावर हलक्या हाताने फिरवायचा. कसं फिरवायचं ते वहिनीने प्रत्येक शेतात स्वतः उभं राहून दाखवलं. पहिल्या दिवशी चार दारं बंद राहिली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीही उघडली. चेअरमनच्या मिशा रोज परागाने पिवळ्या व्हायच्या, आणि ते तसेच सोसायटीत येऊन बसायचे.

पहिला बहर हातचा गेला तो गेलाच. पण त्यानंतरची फळं राहिली. पिवळी न पडता फुगू लागली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पुढे ज्याच्या त्याच्या वेलावर नरफुलंही आली, पण तोवर भोपळे नारळाएवढे झाले होते. थंडी यायच्या आत साली कडक झाल्या, नख लागेना. आता उतारावर प्रत्येक जण शेतात एक ओळ न फवारता सोडतो. तिला 'निवांत ओळ' म्हणतात. वहिनी केंद्रात नव्या लोकांना शिकवते तेव्हाही हाच शब्द वापरते, आणि मग तो कुठून आला हेही सांगते. स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करते, काही गाळत नाही.

मला कधी कधी वाटतं, त्या दुपारी ती हवेवर ढकलून मोकळी झाली असती, तर दादाही गप्प बसला असता. आणि वर ती सगळी फुलं उमलून मिटून गेली असती, आम्हाला पत्ता न लागता. त्या वर्षी आमच्या घरात जे ताटात आलं, उतारावर ज्या ज्या घरात आलं, ते तिच्या त्या वाक्याने आलं. तिचे उपकार आहेत माझ्यावर, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंय. ती म्हणाली, "वन्सं, ताप आलाय का?"

पण त्या दोघांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. दादावर ती ओरडली नाही. रुसलीही नाही. त्याच्याशी कामापुरतं बोलायची, बस. तो बिचारा चढून उतरून निम्मा झाला होता, तरी ती 'दमलात का' म्हणून विचारायची नाही. आईने मध्ये पडून पाहिलं, मी पडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

भोपळे काढले त्या संध्याकाळी आम्ही तिघं पिकअप भरत होतो. दादा खालून भोपळे देत होता, वहिनी वर उभी राहून गवताच्या थरात लावत होती, मी दोर सोडवत होते. मध्येच तिने हातातला भोपळा तसाच धरून त्याला विचारलं,

"अहो, त्या दिवशी सांगितलंत कशाला? गुपचूप फुलं आणून द्यायची. कुठे रानात सापडली म्हणायचं. कुणी विचारलं नसतं."

"सुचलं होतं मला," दादा म्हणाला.

"मग?"

दादाने पुढचा भोपळा उचलला. मातीने भरलेल्या बाहीने कपाळ पुसलं आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला,

"तू एकटीच उभी होतीस."

हातातला भोपळा वहिनीने गवतावर ठेवला, गाडीवरून खाली उतरली आणि त्याच्या हातातला आपल्याकडे घेत म्हणाली, "बसा जरा. दमलात."